किनुए-सानचं बी

आमच्या हिनोसावात पाटी फिरते. लाकडाची साधी पाटी, वर चिमटा, चिमट्यात नगरपालिकेचे कागद आणि शेवटी एक तक्ता. तक्त्यात अकरा घरांची नावं, प्रत्येक नावापुढे शिक्क्यापुरती चौकट. पाटी घरी आली की कागद बघायचा, चौकटीत आपल्या आडनावाचा शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घराच्या पायरीवर ठेवून यायची. बघायचा म्हणजे काय ते मी सांगतो, कारण त्या वर्षी वस्तीचा प्रमुख मीच होतो. कुणी बघत नाही. पाटी आपल्यामुळे अडून राहिली असं चारचौघांत व्हायला नको, एवढीच प्रत्येकाला काळजी. माझ्या घरून सकाळी निघालेली पाटी अकरा शिक्के घेऊन दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आत परत यायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

मी एइजी हॉन्मा. चौतीस वर्षं या खोऱ्यातून समुद्रापर्यंतची बस चालवली. आता बसही बंद आहे आणि मीही. माझ्या घराच्या वरच्या अंगाला किनुए तोगाशी राहतात; सगळे त्यांना आदराने किनुए-सान म्हणतात. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि जीभ अशी की नगरपालिकेचा माणूस दारात आला तरी आधी त्याला पायपुसणं दाखवणार. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा सेंदाईला, बिनलग्नाचा. मुलगी नोरिए समुद्रकाठच्या एका बंदरात दिलेली, आणि ती माहेरी येत नाही. का येत नाही ते पुढे येईल. त्यात माझाही हात आहे.

किनुए-सानकडे जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे हिनोसावाच्या लाल सलगमचं बी. पूर्वी अकराही घरं हा सलगम लावायची. ऑगस्टच्या मरणाच्या उन्हात डोंगरउतार जाळायचा आणि राख गरम असतानाच तिच्यावर बी फेकायचं. म्हणजे पोळलेल्या पायांनी उतारावर उभं राहायचं. एकेका घराने ते सोडलं. मीही सोडलं, बसच्या पाळ्या होत्या असं सांगतो, खरं म्हणजे आळस. शेवटी फक्त तोगाशींचं घर उरलं. दर हिवाळ्यापूर्वी त्या काढलेल्या पिकातून चाळीस सलगम निवडायच्या, पानांवर लव आहे ना, देठाचं मूळ जांभळं आहे ना, एकेक हातात फिरवून पाहायच्या, आणि घरामागे पुन्हा पुरून ठेवायच्या. बर्फाखाली ते झोपायचे. मे महिन्यात त्यांना फुलं यायची, जुलैत बी. जुनं बी चहाच्या डब्यात, पूर्वजांच्या देव्हाऱ्यात नवऱ्याच्या फोटोमागे. हे बी फक्त सुनेच्या हातात द्यायचं, घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, अशी त्यांच्या सासूची ताकीद होती. किनुए-सानना सून नव्हती. "मी आहे तोवर आहे," त्या म्हणायच्या, आणि मग दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत.

आमची वस्ती कागदावर शहरात मोडते. जगातल्या नावाजलेल्या खाद्यसंस्कृतीच्या शहरांची एक यादी आहे, त्यात आपल्या शहराचं नाव यावं, असं नगरपालिकेने घेतलं. त्या कामावर माकाबे नावाचा अधिकारी नेमला होता. पस्तिशीचा, मेहनती, अदबीने बोलणारा. राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. अर्जात अस्सल स्थानिक बियाण्यांचं एक प्रकरण होतं आणि त्या प्रकरणात पहिल्याच पानावर किनुए-सानचा फोटो होता, हातात सलगम, चेहऱ्यावर आठ्या.

सप्टेंबरात पाटी निघाली. पहिला कागद बर्फ काढण्याच्या पाळ्यांचा. त्याच्या मागे दुसरा: मे महिन्यात परदेशी पाहुणे पाहणीला येणार, त्यांच्यासाठी खालच्या ओसाड भातखाचरांत 'स्वागताची फुलं' पेरायची, सर्वांनी सहकार्य करावं. कुठली फुलं ते खाली बारीक अक्षरांत होतं. मी पाटी काढणारा, आणि मीही ते वाचलं नाही. अकरावा, शेवटचा शिक्का किनुए-सानचा, सरळ आणि ठसठशीत.

रविवारी आम्ही सगळे पेरणीला गेलो. किनुए-सानना गुडघ्यांमुळे उतरता येत नव्हतं, म्हणून त्यांनी भाताचे गोळे आणि मागल्या वर्षीच्या सलगमचं आंबटगोड लोणचं पाठवलं. ते लोणचं खात खात मी पिशवीत हात घातला. बारीक, गोल, काळपट बी. सलगमच्या बियांसारखंच दिसतंय, असं माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं. लोणचं फार छान होतं.

मोहरीच्या कुळातली ती पिवळी फुलं. सलगमची सख्खी भावंडं. मधमाशी एकावरून उठून दुसऱ्यावर बसली की बी बिघडतं, हे खोऱ्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तर पूर्वी इथे कुणी परसात मोहरी लावायचं नाही.

एप्रिल संपता संपता खालची खाचरं एका आठवड्यात पिवळी झाली. एके दिवशी सकाळी किनुए-सान काठी टेकत माझ्या दारात आल्या. चपला घातलेल्या नव्हत्या.

"एइजी, खाली काय लावलंय रे तुम्ही?"

"स्वागताची फुलं. पाटी आली होती ना."

"फुलाचं नाव सांग."

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं. मग त्या जे म्हणाल्या ते मी अजून विसरलो नाही. "मी शिक्का मारलाय. नाही का?"

मी त्याच दिवशी माकाबेकडे गेलो. म्हटलं, कापून टाका. तो उठून उभा राहिला, वाकला, मला चहा दिला. "हॉन्मा-सान, पाहुणे नऊ दिवसांवर आलेत. मधमाशीपालकाला सांगून पेट्यासुद्धा ठेवून घेतल्यात, मध चाखायला देणार आहोत. आणि हे बघा, अकराच्या अकरा शिक्के आहेत. एकमताने झालंय." शिक्के त्याने मला दाखवले. पहिला माझाच होता.

किनुए-सानने लग्नात आणलेली हिरवी मच्छरदाणी काढली. माडीएवढी मोठी, सुती. आम्ही दोघांनी बांबू ठोकून चाळीस झाडांवर ती ताणली. काही फुलं आधीच उमलली होती, ती त्यांनी नखाने खुडून टाकली. मच्छरदाणीत मधमाशी येत नाही म्हणजे दाणाही धरत नाही, म्हणून त्या रोज सकाळी आत शिरायच्या आणि बदकाच्या पिसाने एका फुलाची धूळ दुसऱ्या फुलाला लावायच्या. त्या गुडघ्यांनी. बाहेरून फक्त त्यांची सावली हलताना दिसायची. नऊ दिवस मी रोज तिथे जाऊन उभा राहिलो आणि काहीही मदत केली नाही, कारण दुसऱ्या कुणाचा हात त्या फुलांना लावू देत नव्हत्या. वाचेल असं वाटायला लागलं होतं.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी माकाबे आला. मच्छरदाणी पाहून त्याचा चेहरा पडला.

"आजी, एक तासभर काढूया का? फुलं दिसायला हवीत हो. एवढ्या लांबून आलेत."

"जाळीतून दिसतात."

"फोटोत नाही दिसत. आजी, मी हात जोडतो. तुमच्यामुळेच तर हे सगळं उभं राहिलंय."

त्याच वेळी गाडी वर आली आणि सात परदेशी माणसं उतरून दारातच हसत वाकायला लागली. दारात आलेल्या पाहुण्यासमोर नाही म्हणणं किनुए-सानना कधी जमलंच नाही. माकाबेसमोर कितीही फटकळ असू देत, पाहुण्यासमोर त्यांची जीभ बंद होते. न बोलण्याचा अर्थ आमच्याकडे होकारच घेतात. माकाबेबरोबर आलेल्या दोन पोरींनी मच्छरदाणीची घडी करून पडवीत ठेवली.

फोटो झाले. मग किनुए-साननाही गाडीत बसवून पाहुण्यांबरोबर खाली जेवण, मग मध, मग भाषणं. पाहुण्यांना भेट म्हणून बियांची पाकिटं द्यायची होती. माकाबेने महिन्यापूर्वीच मागितली होती आणि किनुए-सानने, यंदाचं बी येणारच आहे या भरवशावर, चहाचा डबा रिकामा करून तीस पाकिटं भरली होती. पाहुणे सात, बाकीची नगरपालिकेच्या साहेबांना. सासूच्या ताकिदीचं काय, असं मी तेव्हा विचारलं होतं. "शहराचं काम आहे," त्या म्हणाल्या, "आणि जगात तरी कुठेतरी उगवेल." आम्ही परत वर आलो तेव्हा साडेचार वाजले होते. ऊन स्वच्छ होतं. चाळीसही झाडं मधमाश्यांनी गजबजली होती. किनुए-सान पडवीत बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. मी मच्छरदाणी परत घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "आता कुणाला झाकायचंय?"

जुलैत बी झालं. भरपूर झालं, तेच वाईट. त्यांनी तीस दाणे ताटलीत रुजत घातले. सहाव्या दिवशी मला बोलावलं. तिसातल्या चोवीस रोपांचे देठ फिक्के हिरवे. सहा लाल होते.

"ही सहा तर आहेत," मी म्हटलं.

"बाहेरून आहेत. आतून काय आहेत ते कुणी सांगावं? ह्यांच्या पोटी पुन्हा तीच हिरवी येतील." त्या ताटलीकडे बघत होत्या. "एइजी, उतार जळून राख पडायला चार आठवडे आहेत. मला खरं बी हवंय. एक चिमूट पुरेल. त्या पाकिटांतलं एक तरी कुठेतरी असेल."

इथून पुढचे चार आठवडे मी माझ्या छोट्या ट्रकमधून त्यांना घेऊन फिरलो. हॉटेलात गेलो. खोल्या झाडणाऱ्या बाईला पाकिटं आठवत होती. पाहुण्यांना त्यांच्या देशात बी नेऊ देत नाहीत म्हणे, सातही जणांनी ती टेबलावरच ठेवली होती, शेजारी आभाराची चिठ्ठी. बाईने चिठ्ठ्या जपल्या होत्या. पाकिटं कचऱ्यात. साहेब लोकांकडे गेलो. एकाने बाल्कनीत पेरलं होतं, वर आल्या आल्या कोवळं खुडून सुपात घातलं. "चवदार होतं," तो म्हणाला. एकाच्या बायकोने पाखरांना घातलं. बाकीच्यांना पाकीट मिळाल्याचंच आठवत नव्हतं. किनुए-सान प्रत्येकासमोर वाकून "तसदी दिली" म्हणायच्या. मला त्या लोकांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं, आणि मग आठवायचं की पाटी मी काढली होती.

नगरपालिकेच्या दालनात काचेच्या पेटीत एका बशीत बी ठेवलेलं दिसलं. किनुए-सानने काचेला हात लावला. माकाबेला बोलावलं. त्याने लगेच पेटी उघडून दिली, एवढा तो चांगला. मग चाचरत म्हणाला, "आजी, फक्त एक सांगायचं राहिलं. पेटीत किडे पडू नयेत म्हणून आम्ही ते भट्टीतून काढलंय. थोडंसंच."

तरी त्यांनी ते नेलं, रुजत घातलं, बारा दिवस पाणी घातलं. एकही उगवलं नाही.

राखेला पाच दिवस राहिले तेव्हा त्या ट्रकजवळ येऊन उभ्या राहिल्या. अंगावर चांगला किमोनो. "बंदरावर चल."

आता नोरिएचं सांगतो. बावीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन गेली तेव्हा जाताना आईच्या डब्यातलं चिमूटभर बी रुमालाच्या गाठीत घेऊन गेली. सासरच्या परसात लावलं. दोन वर्षांनी तिने आनंदाच्या भरात आजीलाच पत्र लिहिलं: सतरा झाडांना फुलं आलीत. आजी म्हणजे किनुए-सानची सासू. ती सुनेला एवढंच म्हणाली, "जा आणि उपटून आण. सतरा." किनुए-सान माझ्याच बसने गेल्या. संध्याकाळी परतीच्या फेरीला चढल्या तेव्हा हातात पोतं होतं, आणि पोत्याच्या तोंडातून पिवळी फुलं गळत होती. मी काही विचारलं नाही. शेवटच्या थांब्यावर मी ती फुलं झाडून टाकली. त्या दिवसानंतर नोरिए बसला कधी दिसली नाही.

बंदरावर मासे वाळवायच्या जाळ्या होत्या आणि नोरिए रबरी बुटांत जाळ्या उलटत होती. आता पन्नाशीची. आईला पाहून ती थांबली, हात पुसले.

"आई."

"नोरिए, तुझ्याकडे... त्यातलं एखादं झाड राहिलं असेल. किंवा एखादी शेंग. तू मागे काही ठेवलं असशील."

नोरिएला सगळं कळलेलं होतं. शहराच्या बातम्या बंदरावरही पोचतात. "सतरा होती, आई. तू मोजून काढलीस. मी म्हटलं, भिंतीकडचं एक राहू दे, कुणाला दिसतंय? तर तू म्हणालीस, सासूबाईंना सतरा माहीत आहेत."

किनुए-सान त्या ओल्या अंगणात गुडघ्यांवर बसल्या. ज्या गुडघ्यांनी त्यांना पायरी उतरवत नाही, त्यांवर. कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकल्या. "दहा दाणे," त्या म्हणाल्या. "पाच असले तरी चालतील. रागाने का होईना, तू ठेवले असशील. तू माझी मुलगी आहेस, तू ठेवले असशील."

"उठ, आई. लोक बघतायत." नोरिए खाली बसली आणि तिने आईला दंडाला धरून उठवलं. "माझ्याकडे असते तर दिले असते गं. वीस वर्षं मी ठरवून होते की कधी मागायला आलीस तर तोंडावर नाही म्हणीन. आता नाही म्हणायला सुद्धा माझ्याकडे काही नाही." मग ती रडायला लागली, आणि किनुए-सान तिच्या बाहीवरचे माशांचे खवले एकेक करून काढत राहिल्या. मी ट्रकपाशी जाऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. निघताना नोरिएने वर्तमानपत्रात गुंडाळून वाळलेले मासे दिले.

परतताना वळणावर किनुए-सान म्हणाल्या, "तू त्या दिवशी बस झाडलीस ना?"

"झाडली."

"नीट झाडली होतीस?"

"हो."

"तुझी बस नेहमी स्वच्छ असायची," त्या म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत मासे मांडीवर धरून बसल्या.

राख पडली. उतार मोकळा ठेवणं त्यांना पटेना, म्हणून ते बिघडलेलं बीच त्यांनी फेकलं. नोव्हेंबरात निघालं ते असं: काही पांढरं, काही दोन फाट्यांचं, काही नुसती मुळी. थोडे लाल होते. मी एक चावून पाहिला. त्यात तिखट झणका नव्हता. माकाबेने लाल तेवढे नेले.

डिसेंबरात बातमी आली. आमच्या शहराचं नाव जगाच्या यादीत लागलं. स्टेशनवर पताका, दुकानांतून सूट, आणि मोठ्या सभागृहात मेजवानी. किनुए-सानना पुढच्या टेबलावर बसवलं. समोर कार्ड: 'हिनोसावाचा लाल सलगम, चारशे वर्षं एकाच खोऱ्यात जपलेला.' बशीत पातळ गुलाबी चकत्या. स्वयंपाक्याने येऊन सांगितलं, यंदा गोडी जास्त आहे, परदेशी पाहुण्यांना असाच आवडतो. माकाबे डोळ्यांत पाणी आणून विचारत होता, "कसा झालाय, आजी?" सगळं टेबल त्यांच्याकडे बघत होतं.

किनुए-सानने चकती चावली, गिळली. "छान आहे," त्या म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी मी होतो, मीही वाजवल्या.

जानेवारीत नवी पाटी निघाली. प्रमुख आता दुसरा आहे. कागदावर अभिनंदन, आणि खाली: आता पाहुणे वाढणार, म्हणून स्वागताची फुलं यंदा दुप्पट क्षेत्रात, सर्वांनी सहकार्य करावं. पाटी तोगाशींच्या घरी गेली आणि पुढे आली नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. सगळ्या वस्तीला माहीत होतं ती कुठे अडलीय. कुणी विचारायला गेलं नाही. पुढचं घर माझं, म्हणून शेवटी बर्फ तुडवत मीच गेलो.

त्या खाली शेगडी असलेल्या ठेंगण्या टेबलाशी बसल्या होत्या. पाटी समोर, चष्मा लावलेला. कागदाच्या कडा बोटं फिरवून फिरवून मऊ झाल्या होत्या.

"ये. सगळा वाचला मी," त्या म्हणाल्या. "मागचा-पुढचा, बारीक अक्षरांसकट. एइजी, एक सांग. नको म्हणायचं असेल तर शिक्का कुठे मारायचा?"

मी तक्ता पाहिला. वर लिहिलं होतं, 'पाहिले'. खाली अकरा चौकटी. दुसरा रकाना नव्हता. चौतीस वर्षं बस चालवली आणि पासष्ट वर्षं ही पाटी पाहिली, ते माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"तशी जागा नाही," मी म्हटलं.

"तेच तीन दिवस शोधत होते." त्यांनी डबीतून शिक्का काढला, त्यावर हळूच फुंकर मारली. "जाऊ दे. आता राखायला तरी काय आहे."

शिक्का मारून त्यांनी पाटी माझ्या हातात दिली. सरळ आणि ठसठशीत. मी ती घरी आणली, कागद पूर्ण वाचला, आणि माझ्या चौकटीत शिक्का मारला. अंधार पडायच्या आत पाटी पुढच्या घराच्या पायरीवर पोचवली.